वेगळ्या चुलीचा फेरफार : जपानमधील एका छोट्या फुटीर पक्षाचा इतिहास कसा लिहावा

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील महाविद्यालयांत राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी परदेशातील एखादा पक्ष निवडायला सांगितले, की बहुतेकांची धाव अमेरिका किंवा ब्रिटनमधील मोठ्या पक्षांकडे असते. जपानचे नाव निघालेच, तर ते १९५५ पासून थोडे अपवाद वगळता सत्तेवर राहिलेल्या लिबरल डेमोक्रॅटिक पक्षापाशी येऊन थांबते. माझा सल्ला नेमका उलटा असतो. त्या मोठ्या घरातून बाहेर पडून ज्यांनी वेगळी चूल मांडली, त्यांच्यापैकी एक लहानसा पक्ष घ्यावा. दहा वर्षांचे आयुष्य, सहा संस्थापक आणि पाच सार्वत्रिक निवडणुका एवढा ऐवज एका सत्रात नीट तपासून होतो, आणि त्यातून मोठ्या पक्षाचे अंतरंगही दिसते.

पद्धत मात्र आपल्या तलाठी कार्यालयातली वापरावी. सातबारा उतारा जमीन आज कोणाच्या नावावर आहे एवढेच सांगतो. ती तेथवर कशी पोहोचली, कोण वारस लागला, कोणी हक्क सोडला आणि कोणाचे नाव कमी झाले, हे गाव नमुना सहामधील फेरफारांवरून कळते. छोट्या पक्षांचे इतिहास बहुधा सातबाऱ्यासारखे लिहिले जातात : स्थापना अमुक साली, विसर्जन तमुक साली. आपल्याला फेरफार लिहायचे आहेत. उदाहरणादाखल मी १९७६ ते १९८६ या काळातील शिन जियू कुराबु हा पक्ष घेतो.

आधी नाव आणि सन

पहिली ठेच नावालाच लागते. ‘शिन’ म्हणजे नवा, ‘जियू’ म्हणजे स्वातंत्र्य, आणि ‘कुराबु’ हा ‘क्लब’ या शब्दाचा जपानी उच्चार. इंग्रजी पुस्तकांत या पक्षाला ‘न्यू लिबरल क्लब’ म्हणतात, आणि तेथून मराठीत येताना विद्यार्थी सर्रास ‘नवउदारमतवादी क्लब’ असे लिहितात. ही चूक लहान नाही. मराठीत ‘नवउदारमतवाद’ हा शब्द खासगीकरण आणि खुल्या बाजाराच्या आर्थिक धोरणासाठी रूढ झाला आहे, तर या पक्षाचा जन्म पैशाच्या राजकारणाला विरोध म्हणून झाला होता. म्हणून ‘नवा उदारमतवादी क्लब’ असे शब्द सुटे ठेवावेत, किंवा मूळ जपानी नाव देवनागरीत लिहून पहिल्याच परिच्छेदात त्याचा अर्थ द्यावा. हीच काळजी मूळ पक्षाच्या बाबतीतही घ्यावी, कारण नावात ‘लिबरल’ असले तरी तो जपानमधील पुराणमतवाद्यांचा मुख्य पक्ष आहे.

व्यक्तिनामांत जपानी लोक आडनाव आधी लिहितात. कोनो योहेई यांचे आडनाव कोनो आहे. इंग्रजी लेखनात ते उलटून ‘योहेई कोनो’ होते. एक क्रम ठरवावा आणि शेवटपर्यंत तोच पाळावा. अन्यथा एकच माणूस यादीत दोनदा येतो, आणि अशा याद्या मी तपासल्या आहेत.

जपानी कागदांवर सन सम्राटाच्या कारकिर्दीचा असतो. शोवा सनात १९२५ मिळवले की इसवी सन येतो, हेइसेई सनात १९८८ आणि रेइवा सनात २०१८ मिळवावेत. आपला पक्ष शोवा ५१ मध्ये जन्मला आणि शोवा ६१ मध्ये मिटला. शालिवाहन शकात ७८ मिळवण्याची सवय असलेल्या माणसाला हे जड जाऊ नये.

तारखा एकाखाली एक लिहा

कारणमीमांसा लिहिण्याआधी तारखांचा कोरा तक्ता तयार करावा, कारण तो आपल्या पुष्कळ समजुती मोडतो. लॉकहीड या अमेरिकी विमान कंपनीने आपली विमाने खपवण्यासाठी जपानमध्ये लाच वाटल्याचे प्रकरण फेब्रुवारी १९७६ मध्ये अमेरिकी सिनेटच्या उपसमितीसमोर उघड झाले. माजी पंतप्रधान तानाका काकुएइ यांना २७ जुलै १९७६ रोजी अटक झाली. पक्षाची स्थापना २५ जून १९७६ रोजी झाली. तानाकांच्या अटकेमुळे पक्ष फुटला, हे वाक्य ऐकायला चोख वाटते. पण तक्ता सांगतो, की हे सहा जण अटकेच्या महिनाभर आधीच बाहेर पडले होते. प्रकरण तापलेले होते, पंतप्रधान मिकी ताकेओ चौकशीवर ठाम होते, आणि पक्षातील मोठे गट मिकींनाच खाली खेचण्याच्या तयारीत होते. फूट त्या धुमसत्या काळातील आहे. अटकेने त्यांची भूमिका लोकांच्या मनात पक्की केली, एवढेच म्हणता येते, आणि त्याचे फळ ५ डिसेंबर १९७६ च्या निवडणुकीत दिसले.

माणसांच्या नोंदी

प्रकल्पाचा बराचसा वेळ येथे जावा. पक्षातून जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक संसद सदस्यासाठी वहीचे एक पान ठेवावे. पानावर तो कोणत्या गटातून आला, त्याचा मतदारसंघ कोणता, त्याने पक्ष केव्हा सोडला आणि पुढे तो कोठे गेला, या चार नोंदी असाव्यात.

संस्थापक सहा होते : कोनो योहेई, तागावा सेइइची, निशिओका ताकेओ, यामागुची तोशिओ, कोबायाशी मासामी आणि आरिता काझुहिसा. पहिले पाच कनिष्ठ सभागृहाचे सदस्य होते, तर आरिता वरिष्ठ सभागृहाचे.

कोनो यांच्या पानाची सुरुवात वारस नोंदीने करावी लागते. त्यांचे वडील कोनो इचिरो हे कृषिमंत्रीपद भूषवलेले, लिबरल डेमोक्रॅटिक पक्षातील एका गटाचे मातब्बर नेते होते. १९६५ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या गटाचा मोठा हिस्सा नाकासोने यासुहिरो यांच्याकडे गेला, तर कानागावा प्रांतातील मतदार मुलाच्या पाठीशी राहिले. म्हणजे घराण्याचे गणगोत एकीकडे आणि मतदार दुसरीकडे, अशी वाटणी आधीच झालेली होती. पुढे याच नाकासोने यांच्याशी कोनोंच्या पक्षाची आघाडी होते. ही नोंद नसेल, तर १९८३ चे प्रकरण वरवरचे राहते.

तागावा हे पूर्वी ‘असाही’ दैनिकाचे पत्रकार होते. त्यांचे पान शेवटी सर्वांहून वेगळे निघते, त्याविषयी पुढे येईल. निशिओका यांचे पान सर्वांत लांब होते. १९७९ च्या उन्हाळ्यात पक्षाची दिशा काय असावी यावरून त्यांचे आणि कोनो यांचे बिनसले. मध्यममार्गी विरोधकांशी हातमिळवणी करण्याकडे कोनोंचा कल होता, आणि निशिओकांना पक्ष पुराणमतवादी चौकटीतच हवा होता. ते बाहेर पडले, मूळ पक्षात परतले, शिक्षणमंत्री झाले, १९९० च्या दशकात पुन्हा बाहेर पडले, आणि २०१० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाकडून वरिष्ठ सभागृहाचे अध्यक्ष झाले. एका माणसाच्या पानावर तीस वर्षांच्या जपानी पक्षफुटींचा नकाशा मिळतो, म्हणून त्याला कंटाळू नये.

‘पक्षात मतभेद झाले’ असे एकही वाक्य या भागात ठेवू नये. मतभेद कोणाचे, कशावरून, आणि त्यानंतर किती जण उरले, हे लिहिता येत नसेल तर वाक्य काढून टाकावे.

जागा आणि मते वेगवेगळी मोजा

आकड्यांच्या बाबतीत दोन पथ्ये आहेत. पहिले असे, की जपानमध्ये निकालानंतर काही अपक्ष लगेच मोठ्या पक्षात सामील होतात, त्यामुळे ‘निवडून आलेले’ आणि ‘सभागृहातील’ हे आकडे जुळत नाहीत. १९८३ मध्ये लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाचे २५० जण निवडून आले आणि अपक्ष घेऊन ते २५९ झाले. दोन ग्रंथांत दोन आकडे दिसले, तर त्यांपैकी एक खोटा असे समजण्याआधी दोघांनी काय मोजले आहे ते पाहावे.

दुसरे पथ्य असे, की जागांच्या शेजारी मतांची टक्केवारी लिहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. १९७६ मध्ये या पक्षाने ५ वरून १७ जागांपर्यंत उडी घेतली, तेव्हा त्याला सुमारे ४ टक्के मते होती. ऑक्टोबर १९७९ मध्ये जागा अवघ्या ४ उरल्या आणि कोनो अध्यक्षपदावरून पायउतार झाले, तागावा आले. पुढच्याच वर्षी, २२ जून १९८० च्या निवडणुकीत, जागा १२ झाल्या. एवढ्यावरून कोणीही ‘पक्षाने लोकांचा विश्वास पुन्हा मिळवला’ असे लिहून मोकळा होईल. परंतु दोन्ही वेळा मते जवळपास तेवढीच, म्हणजे सुमारे ३ टक्के होती. १९७९ मध्ये उत्साहाच्या भरात उमेदवार जास्त उभे केले गेले आणि मते पातळ झाली. १९८० मध्ये कमी ठिकाणी लढून तीच मते दाट झाली. पाणी तेवढेच, पण वाफे कमी केले, हे ठिबकवर केळी जगवणाऱ्या रावेर-यावलच्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. या १९८० च्या निवडणुकीत प्रचार चालू असतानाच पंतप्रधान ओहिरा मासायोशी यांचे निधन झाले आणि सत्ताधारी पक्षाला घवघवीत यश मिळाले. अशा लाटेतही छोट्या पक्षाच्या जागा वाढल्या, म्हणून हे उदाहरण विशेष तपासण्यासारखे आहे.

१९८३ मध्ये ८ आणि १९८६ मध्ये ६ जागा मिळाल्या, आणि मतांचा हिस्सा मात्र दर वेळी थोडा थोडा उतरत गेला.

नियम समजल्याशिवाय पुढे जाऊ नये

आपल्याकडील वाचकाला प्रश्न पडतो, की ३ टक्के मतांवर १२ जागा येतात कशा. उत्तर त्या काळच्या मतदारसंघांत आहे. एका मतदारसंघातून साधारणपणे ३ ते ५ सदस्य निवडले जात आणि मतदाराला मत मात्र एकच असे. पाच जागांच्या मतदारसंघात वैध मतांच्या सहाव्या हिश्शाहून थोडी जास्त मते मिळाली, की निवड निश्चित होते. आता गंमत पाहावी : रावेर किंवा नंदुरबार लोकसभा मतदारसंघात नेमक्या तेवढ्याच मतांवर, म्हणजे सहाव्या हिश्शाहून थोड्या जास्त मतांवर, हरलेल्या उमेदवाराची फक्त अनामत रक्कम वाचते. एकच अपूर्णांक एका देशात खासदार करतो आणि दुसऱ्यात अब्रू राखतो. हा मुद्दा आपल्या वाचकासाठी लिहिताना अवश्य घालावा.

दुसरी गोष्ट कोएनकाई ही. हे उमेदवाराचे स्वतःचे समर्थक मंडळ असते. लग्नकार्य, अंत्यविधी, सहली, गावातील अडलेली कामे असा त्याचा पसारा असतो आणि त्याची निष्ठा पक्षापेक्षा व्यक्तीशी असते. एकाच मतदारसंघात एकाच पक्षाचे दोन-तीन उमेदवार एकमेकांविरुद्ध लढत असल्याने प्रत्येकाला असे मंडळ बांधावेच लागे. पक्ष सोडताना कोनो आपले मंडळ बरोबर घेऊन निघाले, म्हणून ते टिकले; ज्यांच्याकडे असे मंडळ नव्हते असे नवे उमेदवार पहिली लाट ओसरताच १९७९ मध्ये पडले.

तिसरी गोष्ट पक्षांतराची. आपल्याकडे १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले आणि पक्ष सोडणाऱ्याचे सदस्यत्व धोक्यात आले. जपानमध्ये मतदारसंघातून निवडून आलेला सदस्य पक्ष सोडून गेला, तरी त्याची जागा जात नाही. त्यामुळे ‘एक तृतीयांश’, ‘दोन तृतीयांश’, ‘अपात्रता’ हे आपल्या तोंडी बसलेले शब्द या इतिहासात आणू नयेत.

ज्यांना १९९५ नंतरचा पक्ष घ्यायचा असेल, उदाहरणार्थ टपाल खात्याच्या खासगीकरणावरून ऑगस्ट २००५ मध्ये बाहेर पडलेल्यांचा कोकुमिन शिंतो, त्यांनी पक्षनिधीचा कायदाही वाचावा. सरकारी अनुदानासाठी किमान पाच संसद सदस्य, किंवा एक सदस्य आणि २ टक्के मते लागतात, आणि मोजणी १ जानेवारीची धरली जाते. जपानमध्ये डिसेंबरच्या अखेरीस नवे पक्ष का उगवतात, याचे एक कारण येथे सापडते.

सत्तेतील तीन वर्षे

या पक्षाच्या इतिहासाचा गाभा येथे आहे आणि येथेच लेखकाचा कस लागतो. १२ ऑक्टोबर १९८३ रोजी टोकियो जिल्हा न्यायालयाने तानाका यांना चार वर्षांचा कारावास आणि ५० कोटी येन दंड सुनावला. १८ डिसेंबरच्या निवडणुकीत सत्ताधारी पक्षाचे निवडून आलेले सदस्य ५११ पैकी २५० होते, म्हणजे बहुमताच्या २५६ ला सहा कमी. अपक्ष घेऊन काठावरचे बहुमत जुळले, पण समित्यांवर पकड राहील एवढे ते नव्हते. पंतप्रधान नाकासोने यांनी तानाकांचा राजकीय प्रभाव पूर्णपणे दूर ठेवण्याचे निवेदन काढले, आणि आठ सदस्यांचा हा पक्ष आघाडीत गेला. १९५५ नंतर त्या पक्षाने केलेली ही पहिली आघाडी होती. तागावा गृहव्यवहार खात्याचे मंत्री झाले. पुढे यामागुची कामगारमंत्री आणि कोनो विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेचे प्रमुख म्हणून मंत्रिमंडळात आले.

तानाकांच्या पैशाला विटून निघालेला पक्ष तानाका गटाच्या पाठिंब्यावर उभ्या असलेल्या पंतप्रधानाच्या मंत्रिमंडळात बसला. याला गद्दारी म्हणावे की संधी, याचा निकाल देण्याची घाई करू नये. तसा शेरा मारणे सोपे आहे. निवेदनातील शब्द, खात्यांची वाटणी आणि १९८३ व १९८६ या दोन निवडणुकांतील मते एकाखाली एक ठेवावीत. माझे स्वतःचे मत असे, की आठ जणांची किंमत त्यांच्या धोरणापेक्षा सत्ताधाऱ्यांच्या तुटीवर ठरत होती, आणि तूट भरली की ती किंमत शून्य होणार होती. तसेच झाले. ६ जुलै १९८६ च्या निवडणुकीत लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाने ३०० जागा जिंकल्या आणि १५ ऑगस्ट १९८६ रोजी आपला पक्ष विसर्जित झाला. बहुतेक सदस्य मूळ घरी परतले. तागावा परतले नाहीत. त्यांनी जानेवारी १९८७ मध्ये शिंपोतो, म्हणजे प्रगतिशील पक्ष काढला आणि १९९३ मध्ये निवृत्त होईपर्यंत संसदेत तो एकट्याने चालवला. दहा वर्षांचा हिशेब ‘सर्व जण परतले’ असा लिहिणाऱ्यांच्या यादीत हे एक पान निसटते.

येथे मराठी वाचकाला एक साम्य हटकून आठवते. १९७८ मध्ये महाराष्ट्रात काँग्रेसमधून फुटून पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार आले, आणि त्या फुटीचे नेते शरद पवार १९८६ च्याच डिसेंबरमध्ये औरंगाबादच्या मेळाव्यात मूळ काँग्रेसमध्ये परतले. तारखांचे हे जुळणे प्रस्तावनेत एका वाक्यात सांगावे आणि तेथेच सोडावे. आपल्याकडील फुटीतून थेट मुख्यमंत्रिपद मिळाले, तिकडे सात वर्षांनी एक खाते मिळाले. घरवापसी हा एक शब्द दोन्हीकडे लावला तरी जमीन वेगळी आहे.

अस्सल कागद

धुळ्यात बसून लिहिणाऱ्याला वि. का. राजवाडे यांच्या नावाने स्थापन झालेले संशोधन मंडळ हाकेच्या अंतरावर आहे. अस्सल कागद पाहिल्याशिवाय इतिहास लिहू नये, हा राजवाड्यांचा आग्रह जपानच्या बाबतीत पाळणे आज अवघड राहिलेले नाही. जपानच्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयाने १९४७ पासूनची संसदीय कामकाजाची इतिवृत्ते विनामूल्य शोधण्याची सोय केली आहे. वक्त्याचे नाव जपानी चित्रलिपीत टाकावे, तारखांची मर्यादा घालावी, आणि मिळालेला मजकूर यंत्रानुवादाने वाचावा. यंत्रानुवाद होकार-नकारात आणि कर्त्यात चुकतो, म्हणून ज्या वाक्यावर युक्तिवाद उभा आहे, तेवढे वाक्य जपानी जाणणाऱ्याकडून तपासून घ्यावे.

पक्षाच्या वार्षिकांकांपेक्षा इतिवृत्तांना वजन द्यावे. वार्षिकांक पक्षाला काय व्हायचे होते ते सांगतो, आणि इतिवृत्त त्याने सभागृहात काय केले ते सांगते.

कोठे थांबावे

पक्षाच्या विसर्जनाच्या तारखेला लेखन थांबवू नये. वहीतील शेवटची नोंद होईपर्यंत जावे. निशिओकांची २०१० ची नोंद वर आलीच आहे. १९८१ पासून या पक्षाबरोबर संसदेत संयुक्त गट केलेल्या सामाजिक लोकशाही संघाचेही एक पान उघडावे. तो समाजवादी पक्षातून फुटलेला तेवढाच लहान पक्ष होता, आणि त्याचे सदस्य कान नाओतो २०१० मध्ये पंतप्रधान झाले.

शेवटची नोंद कोनो यांचीच येते. १९९३ मध्ये लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाने स्थापनेनंतर प्रथमच सत्ता गमावली, तेव्हा जुलैअखेरीस अध्यक्षपद या जुन्या बंडखोराकडे आले. पंतप्रधान न होता ते पद सोडणारे ते पहिले अध्यक्ष ठरले. विरोधी पक्षाचे नेते म्हणून २८ जानेवारी १९९४ च्या रात्री त्यांनी पंतप्रधान होसोकावा मोरिहिरो यांच्याशी निवडणूक सुधारणेचा समझोता केला : एकसदस्यीय मतदारसंघांच्या ३०० जागा आणि प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या २००. ज्या तीन-ते-पाच जागांच्या मतदारसंघांत सहावा हिस्सा पुरेसा ठरत असे आणि ज्यांत शिन जियू कुराबु दहा वर्षे तगला होता, ते मतदारसंघ त्या समझोत्याने रद्द झाले.